‘सामाजिक संधी’वर निबंध लिहिताना संदर्भ कुठे शोधायचे, कसे द्यायचे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र किंवा समाजकार्य शिकणाऱ्या मुलामुलींना पदवीच्या वर्षांत केव्हातरी हा विषय येतोच. निबंध असो, फील्ड प्रोजेक्ट असो की सेमिनारचा पेपर, प्रश्न साधारण तेच असतात. उदाहरणं मुद्दाम महाराष्ट्रातली घेतली आहेत. संधी कुणाला मिळाली आणि कुणाला नाकारली गेली, याची लेखी साधनं इथे भरपूर आहेत. ती वापरली मात्र कमी जातात, आणि त्याचं वाईट वाटतं.

‘सामाजिक संधी’ म्हणजे नेमकं काय? व्याख्या कुणाची द्यायची?

शब्दकोशातली व्याख्या देऊ नका. ही संकल्पना अभ्यासात आणली ती प्रामुख्याने अमर्त्य सेन यांनी. ज्याँ द्रेझ यांच्यासोबत १९९५ साली लिहिलेल्या भारतावरच्या पुस्तकाच्या नावातच ती होती. पुढे १९९९च्या ‘डेव्हलपमेंट अ‍ॅज फ्रीडम’मध्ये सेन यांनी पाच साधनभूत स्वातंत्र्यं सांगितली आणि त्यांतलं एक म्हणजे सामाजिक संधी. शिक्षण, आरोग्य यांसाठी समाज ज्या व्यवस्था उभ्या करतो आणि ज्यांच्यामुळे माणसाला बरं जगता येतं, त्या व्यवस्था असा तिचा आशय आहे.

याच्या शेजारी दोन संकल्पना आहेत आणि त्या हमखास एकमेकींत मिसळल्या जातात. ‘समान संधी’ ही संविधानाची भाषा आहे. उद्देशिकेत ‘दर्जाची व संधीची समानता’ आहे, अनुच्छेद १६ सरकारी नोकऱ्यांतल्या समान संधीबद्दल आहे. ‘सामाजिक गतिशीलता’ ही समाजशास्त्राची संकल्पना : आईवडील जिथे होते तिथून मूल कुठे पोचलं. तुमचा निबंध या तिन्हींपैकी कशाबद्दल आहे, हे पहिल्या पानावरच ठरवा. कोणते संदर्भ शोधायचे, ते त्यावरच ठरतं.

विषय फारच मोठा वाटतोय. सुरुवात कुठून करू?

एक समूह, एक संधी, एक काळ, एक जागा. ‘भारतातील सामाजिक संधी’ असं शीर्षक घेऊन कुणालाच चांगला निबंध लिहिता येणार नाही. ‘ऊसतोड मजुरांच्या मुलांचं हंगामातलं शिक्षण’, ‘१९०१पासून कोल्हापुरात निघालेली विविध जातींची वसतिगृहं’, ‘आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागा आणि माझं शहर’ असे विषय हाती घ्या. विषय अरुंद झाला की संदर्भ शोधणं सोपं होतं, कारण काय शोधायचं ते कळलेलं असतं.

एखादा स्रोत विश्वासार्ह आहे हे ओळखायचं कसं?

संकेतस्थळाचा पत्ता सरकारी आहे की खाजगी, यावरून सुरुवात करा, पण तिथेच थांबू नका. खरा प्रश्न वेगळा आहे : ही गोष्ट ज्याने सांगितली, त्याला ती कळली कशी? त्याने मोजलं का? मोजलं असेल तर कुणाला मोजलं, कधी, आणि नेमका काय प्रश्न विचारून? त्याने स्वतः पाहिलं का? की दुसऱ्या कुणाचं वाचून लिहिलं? दुसऱ्याचं असेल तर त्या दुसऱ्यापर्यंत जा. आणि असं जात राहा, जोवर मोजणारा, पाहणारा किंवा निर्णय देणारा माणूस किंवा कार्यालय हाती लागत नाही तोवर.

या एका सवयीने निम्मं काम होतं, असं मला अनेक वर्षांच्या शिकवण्यातून ठामपणे वाटतं. स्वयंसेवी संस्थेचा अहवाल, मंत्रालयाचा अहवाल, कार्यकर्त्याची पुस्तिका, सगळं वापरता येतं. प्रत्येकाची बाजू असते आणि बाजू असणं गैर नाही. आकडा कसा आला हे जो लपवतो, त्याच्यापासून मात्र दूर राहा.

एकाच गोष्टीचे दोन वेगळे आकडे सापडले. कोणता खरा?

हा प्रश्न पडला म्हणजे तुम्ही नीट वाचताय. महाराष्ट्राच्या साक्षरतेचंच घ्या. २०११च्या जनगणनेचा आकडा म्हणून काही ठिकाणी ८२.९१ टक्के दिसतो, काही ठिकाणी ८२.३४. दोन्ही जनगणनेचेच. पहिला २०११मध्ये जाहीर झालेला तात्पुरता आकडा, दुसरा २०१३मध्ये आलेला अंतिम. देशाच्या बाबतीतही तसंच : तात्पुरता ७४.०४, अंतिम ७२.९९. स्पर्धा परीक्षांच्या कित्येक पुस्तकांत आणि संकेतस्थळांवर अजून तात्पुरताच छापलेला असतो.

अर्ध्या टक्क्याने काय बिघडतं, असं वाटेल. स्त्री-पुरुषांचे आकडे वेगळे काढून पाहा. तात्पुरत्या आकड्यांत महाराष्ट्रातले पुरुष ८९.८२ आणि स्त्रिया ७५.४८, म्हणजे दरी १४.३४ टक्के-बिंदूंची. अंतिम आकड्यांत पुरुष ८८.३८ आणि स्त्रिया ७५.८७, दरी १२.५१. तुमचा निबंध मुलींच्या शिक्षणसंधीवर असेल, तर चुकीच्या तक्त्यामुळे ही दरी जवळजवळ दोन बिंदूंनी फुगते. त्यातही कुणी एका तक्त्यातून पुरुषांचा आणि दुसऱ्यातून स्त्रियांचा आकडा उचलला, तर काहीच धड राहत नाही.

उच्च शिक्षणाच्या नोंदणी-प्रमाणाचंही, म्हणजे त्या वयोगटाच्या दर शंभर लोकसंख्येमागे किती विद्यार्थी याचंही, असंच आहे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०१९-२०च्या अहवालात १८ ते २३ वयोगटासाठी ते २७.१ आहे. पुढच्या वर्षी मंत्रालयाने तेच वर्ष २५.६ असं दाखवलं. विद्यार्थी कमी झाले नव्हते. भागाकाराखालची लोकसंख्या आधी २००१च्या जनगणनेवरून काढलेली होती, ती आता २०११च्या जनगणनेवरून काढली गेली. दोन वर्षांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे आहेत ना, हे अहवालाच्या सुरुवातीच्या पानांत आणि तक्त्यांखालच्या बारीक टिपांत लिहिलेलं असतं. त्या टिपा वाचा. आणि निबंधात आकड्यासोबत ‘अंतिम’, ‘तात्पुरता’, ‘अमुक प्रक्षेपणानुसार’ असा एक शब्द जोडा. परीक्षकाला त्या एका शब्दावरून कळतं की तुम्ही मूळ तक्ता पाहिला आहे.

‘ओबीसी ५२ टक्के’ हे सगळीकडे लिहिलेलं असतं. त्यालाही संदर्भ द्यायचा?

त्याला तर द्यायचाच. ‘सगळीकडे लिहिलेलं’ असणं हा संदर्भ होत नाही, आणि या आकड्याचा मागोवा घेणं हा संशोधन शिकण्याचा उत्तम धडा आहे.

हा आकडा बिंदेश्वरी प्रसाद मंडल यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाचा. आयोग १९७९मध्ये नेमला गेला आणि त्याने १९८०च्या डिसेंबरअखेर अहवाल दिला. आयोगाने देशभर फिरून ओबीसींची डोकी मोजली नव्हती. ते शक्यही नव्हतं. सर्व जातींची तपशीलवार आकडेवारी छापलेली शेवटची जनगणना १९३१ची. १९४१मध्ये युद्धामुळे जातवार तक्ते निघालेच नाहीत आणि स्वातंत्र्यानंतर फक्त अनुसूचित जाती-जमातींची मोजणी होत राहिली. म्हणून आयोगाने वजाबाकी केली. एकूण लोकसंख्येतून अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, बिगरहिंदू आणि पुढारलेल्या हिंदू जाती वगळल्या. उरले ४३.७० टक्के. बिगरहिंदूंमधले साधारण निम्मे मागास धरून ८.४० टक्के त्यात मिळवले. बेरीज ५२च्या थोडी वर गेली.

दुसरीकडे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ६१व्या फेरीत, २००४-०५मध्ये, कुटुंबांना थेट विचारलं गेलं. त्यात ४०.९४ टक्के लोकांनी आपण ओबीसी असल्याचं सांगितलं. एक आकडा जुन्या जनगणनेवरून बांधलेला अंदाज आहे, दुसरा लोकांनी स्वतः दिलेल्या उत्तरांतून आलेला. तुम्ही कोणता वापरता त्यापेक्षा तो कसा आला हे लिहिता की नाही, हे महत्त्वाचं. ‘भारतात ५२ टक्के ओबीसी आहेत’ हे वाक्य संदर्भाशिवाय लिहू नका. ‘मंडल आयोगाच्या १९८०च्या अंदाजानुसार’ एवढं आधी जोडलंत की ते वाक्य टिकतं.

भटक्या-विमुक्तांवर लिहितेय, पण आकडेच सापडत नाहीत.

आकडे नसणं हीसुद्धा नोंद करण्याजोगी गोष्ट आहे. स्वतंत्र भारताच्या जनगणनेत भटक्या-विमुक्तांची स्वतंत्र गणना झालेली नाही. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने २००८ साली आणि भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने पुढे दशकभराने अहवाल दिले. दोघांनाही हाच अडसर होता. हे अहवाल मूळ स्वरूपात वाचा, मग आत्मकथनं, मग प्रत्यक्ष मुलाखती. ज्या समाजाला कागदच मिळाला नाही, त्याच्याकडे कागदोपत्री पुरावा मागत बसणं अन्यायाचं आहे. तुमच्या निबंधात हे स्पष्ट शब्दांत लिहा.

२०११नंतर जनगणनाच झाली नाही. मग ताजी माहिती कुठून घ्यायची?

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि तिच्यात जातगणनाही आहे. तोवर २०११ हेच देशपातळीवरचं पूर्ण मोजमाप, आणि ते वापरताना वर्ष ठळकपणे लिहा.

मधल्या काळासाठी नमुना सर्वेक्षणं आणि शाळा-महाविद्यालयांकडून गोळा होणारी माहिती आहे. शाळांसाठी यू-डायस प्लस ही केंद्राची माहितीप्रणाली. महाविद्यालयांसाठी वर उल्लेखलेलं उच्च शिक्षण सर्वेक्षण. २०२१-२२मध्ये त्यात देशाचं नोंदणी-प्रमाण २८.४ आहे. रोजगारासाठी २०१७-१८पासून सुरू असलेलं नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण. शिक्षणावरच्या घरखर्चासाठी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची जुलै २०१७ ते जून २०१८ची ७५वी फेरी. मुलांना प्रत्यक्षात वाचता येतं का, यासाठी ‘प्रथम’ या संस्थेचा ‘असर’ अहवाल. तो मुख्यतः ग्रामीण भागाचा आहे, त्यामुळे त्यावरून मुंबईबद्दल काही लिहू नका.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत होतं आणि त्याची जिल्हावार माहितीपत्रकं मोफत मिळतात. बालविवाहाचा आकडा तिथूनच घ्या. २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी १८ वर्षांआधी लग्न झालेल्यांचं महाराष्ट्रातलं प्रमाण चौथ्या फेरीत २६.३ टक्के होतं, २०१९-२१च्या पाचव्या फेरीत २१.९. मुलींच्या संधीवर लिहिणाऱ्याने हा आकडा शाळागळतीच्या आकड्याशेजारी ठेवून पाहावा.

आणि राज्य सरकारच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’. दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी येते, मराठीत असते. तिच्यातल्या तक्त्याखाली ‘आधार’ म्हणून मूळ कार्यालयाचं नाव दिलेलं असतं. शक्य असेल तर त्या मूळ कार्यालयाच्या अहवालापर्यंत जा.

मराठीत अभ्यासपूर्ण साधनं आहेत का? की सगळं इंग्रजीतच वाचावं लागणार?

भरपूर आहेत. संकल्पना समजून घ्यायला मराठी विश्वकोश आणि स. मा. गर्गे यांनी संपादित केलेला ‘भारतीय समाजविज्ञान कोश’. लेखांसाठी ‘समाज प्रबोधन पत्रिका’चे जुने अंक. मराठी विभागांत, समाजशास्त्र विभागांत झालेले पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’वर पूर्ण वाचता येतात. अशा प्रबंधाची शेवटची संदर्भसूची आधी उघडा. तुमच्या विषयावर कुणी तरी चार-पाच वर्षं घालवून केलेली यादी आयती मिळते.

ग्रंथालयं विसरू नका. पुण्यात विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय आणि गोखले अर्थशास्त्र संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय, मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचं आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय. गोव्यातल्यांसाठी पणजीचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, ते १८३२पासूनचं. बाहेरच्या विद्यार्थ्याला बहुतेक ठिकाणी आपल्या प्राचार्यांचं किंवा ग्रंथपालांचं पत्र लागतं. ते घेऊनच निघा.

फुले, शाहू, आंबेडकर यांची वाक्यं फेसबुकवर आणि फलकांवर असतात. ती वापरू का?

फलकावरून नाही. ‘शिक्षण हे वाघिणीचं दूध’ असं गावोगावच्या फलकांवर लिहिलेलं असतं. फलकावर खंड आणि पान नसतं. खंड आणि पान हाती लागत नाही तोवर ते वाक्य निबंधात आणू नका. या माणसांनी इतकं लिहून ठेवलं आहे, आणि ते इतक्या स्वस्तात आणि मोफत उपलब्ध आहे, की ऐकीव वाक्यावर भागवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

जोतीरावांचं ‘समग्र वाङ्मय’ महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलं आहे. ‘विद्येविना मती गेली’ या ओळी १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’च्या सुरुवातीला आहेत, तिथलं पान द्या. शिक्षणसंधीवर लिहिताय तर त्यांनी ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी दिलेलं निवेदन वाचल्याशिवाय पुढे जाऊच नका. शेतकऱ्याच्या घामातून आलेला महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, आणि प्राथमिक शिक्षण निदान १२ वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचं करा, असं त्यांनी त्यात मांडलं. दीडशे वर्षं होत आली, तरी सार्वजनिक पैसा कुणाच्या शिक्षणावर जातो याची याहून नेमकी मांडणी क्वचितच सापडेल.

शाहू महाराजांच्या २६ जुलै १९०२च्या हुकुमाबद्दल ‘५० टक्के आरक्षण’ एवढंच लिहिलं जातं. मूळ हुकूम करवीर सरकारच्या गॅझेटमधला. त्यात हुकूम मिळाल्यापासून पुढे ज्या जागा रिकाम्या होतील त्यांतल्या ५० टक्के मागास वर्गांतून भराव्यात असं आहे, आणि मागास म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकीचे, असा खुलासाही आहे. हा तपशील निबंधात आला की पुढचं विश्लेषण आपोआप धारदार होतं.

बाबासाहेबांचे खंड महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने १९७९पासून प्रकाशित केले. सुरुवातीचे खंड वसंत मून यांनी संपादित केले. मराठी भाषणं १८व्या खंडात, तीन भागांत आहेत. संदर्भ देताना एक गफलत फार होते : ‘आंबेडकर, १९७९’. बाबासाहेब १९५६ साली गेले. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ १९३६चं आहे, खंड १९७९चा. म्हणून ‘आंबेडकर, १९३६/१९७९’ असं लिहा, मग पान.

वर्तमानपत्राचं कात्रण चालेल का?

घटना घडली हे दाखवायला चालेल. घटनेमागचा कायदा, आकडा किंवा निकाल दाखवायला मूळ कागदाकडे जा. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४मध्ये आरटीईच्या नियमांत बदल केला. सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातल्या खाजगी विनाअनुदानित शाळांना २५ टक्के जागांच्या बंधनातून सूट मिळाली. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. मार्चमधलं एकच कात्रण घेऊन निबंध लिहिणाऱ्याने रद्द झालेला नियम चालू म्हणून लिहिला असता. बातमीवरून धागा पकडा, मग कायद्याचं कलम १२(१)(क), अधिसूचना आणि निकाल वाचा.

शासन निर्णय आणि न्यायालयाचे निकाल यांचा संदर्भ कसा द्यायचा?

शासन निर्णयाला विभागाचं नाव, निर्णय क्रमांक, दिनांक आणि संकेतांक द्या. संकेतांक निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदात असतो, ‘त्याचा संकेतांक… असा आहे’ या वाक्यात. त्यावरून राज्य शासनाच्या संकेतस्थळावर तो कुणालाही काढता येतो.

निकालासाठी पक्षकारांची नावं, न्यायालय, तारीख आणि परिच्छेद क्रमांक. मंडल आरक्षणाचा निकाल म्हणजे इंद्रा साहनी विरुद्ध भारत सरकार, सर्वोच्च न्यायालय, १६ नोव्हेंबर १९९२. मराठा आरक्षणाचा निकाल म्हणजे जयश्री लक्ष्मणराव पाटील विरुद्ध मुख्यमंत्री, ५ मे २०२१. निकाल शेकडो पानांचे असतात. पान आवृत्तीनुसार बदलतं, परिच्छेद क्रमांक सहसा बदलत नाही. आणखी एक : बहुमताचा निकाल कोणता आणि भिन्नमत कोणाचं हे पाहूनच अवतरण घ्या.

संशोधन लेख पैसे मागतात. मोफत कसे मिळतील?

आधी ग्रंथपालांना भेटा. शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयांना ‘एन-लिस्ट’ योजनेतून हजारो जर्नलं मिळतात आणि घरी बसून उघडायला तुमच्या नावाने लॉगिन मिळू शकतं. कित्येक विद्यार्थ्यांना हे तिसऱ्या वर्षापर्यंत माहीत नसतं. १ जानेवारी २०२५पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झालं आहे, ते शासकीय संस्थांसाठी आहे. याशिवाय गूगल स्कॉलरवर शीर्षकाखाली ‘सर्व आवृत्त्या’ उघडून पाहा, लेखकाने स्वतः मोफत ठेवलेली प्रत पुष्कळदा तिथे असते.

जर्नल खरं की पैसे घेऊन काहीही छापणारं, हेही पाहावं लागतं. पूर्वी ‘यूजीसी-केअर’ यादी हा आधार होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने ती फेब्रुवारी २०२५मध्ये बंद केली, त्यामुळे जबाबदारी आता तुमच्यावर आणि मार्गदर्शकांवर आहे. अर्थशास्त्रापासून वनस्पतिशास्त्रापर्यंत सगळं एकाच अंकात छापणारं, दोन दिवसांत लेख स्वीकारणारं जर्नल बाजूला ठेवा.

शोधनिबंध वाचला, पण निष्कर्ष नेमका कसा मांडायचा?

हळू. एक उदाहरण देतो. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७चा ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’मधला लेख संधीच्या विषयात फार मोलाचा आहे. वर्तमानपत्रांत आलेल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त आडनावांचा, काही उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लीम. पुढच्या टप्प्यासाठी बोलावणं येण्याची अनुकूलता (इंग्रजीत ‘ऑड्स’) उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला ०.६७ पट आणि मुस्लीम नावाला ०.३३ पट निघाली.

आता हेच विद्यार्थ्यांच्या निबंधांत कसं येतं? ‘भारतात ३३ टक्के मुस्लिमांनाच नोकरी मिळते.’ लेखात असं कुठेही नाही. तो आकडा तुलनेचा आहे, नोकरीचा नसून बोलावण्याचा आहे, आणि ठरावीक प्रकारच्या जाहिरातींपुरता आहे. एवढं सांभाळून लिहिलंत तरी निष्कर्ष पुरेसा हादरवणारा आहे. त्याला वाढवून सांगायची गरज नाही. वाढवलात की विरोधकाला तो सगळाच फेटाळायला निमित्त मिळतं.

विकिपीडिया?

सुरुवातीला वाचा, संदर्भ म्हणून देऊ नका. तळाशी दिलेल्या दुव्यांवर जा आणि ते उघडून पाहा.

चॅटजीपीटीसारख्या एआयकडून संदर्भ मागितले तर?

एआय अस्तित्वात नसलेले लेख खऱ्या वाटणाऱ्या नावांसह देतो. लेखक खरा, जर्नल खरं, लेख मात्र कुणी लिहिलेलाच नाही, असंही होतं. त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ जर्नलच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा डीओआय क्रमांकावरून (प्रत्येक लेखाला मिळणाऱ्या कायम ओळख-क्रमांकावरून) उघडून पाहा आणि स्वतः वाचलेलाच संदर्भ द्या. शोधशब्द सुचवायला, अवघड इंग्रजी परिच्छेद समजून घ्यायला त्याची मदत होऊ शकते. महाविद्यालयाचा नियम काय आहे ते आधी विचारा आणि वापर केला असेल तर तसं लिहा.

माझ्या आजीची मुलाखत संदर्भ म्हणून चालेल?

चालेल, आणि मला असे निबंध सर्वांत जास्त आवडतात. आजीला चौथीनंतर शाळेतून का काढलं, हे कुठल्याही सर्वेक्षणात सापडणार नाही. पण तिला आधी सांगा की हे कुठे छापलं जाणार आहे, आणि तिची परवानगी घ्या. बाहेरच्या व्यक्तीची मुलाखत असेल तर नाव बदला, गावाऐवजी तालुका लिहा. तळटीपेत मुलाखतीची तारीख, ठिकाण आणि ‘नाव बदलले आहे’ असं द्या. एका मुलाखतीवरून ‘त्या काळात सगळ्या मुली…’ असं लिहू नका. मुलाखत एका आयुष्यात ते कसं घडलं ते सांगते, किती जणींच्या आयुष्यात घडलं ते सर्वेक्षण सांगतं. दोन्ही शेजारी ठेवा.

एपीए, एमएलए, शिकागो… मराठी निबंधाला कोणती पद्धत?

विभागाने सांगितलेली. सांगितली नसेल तर विचारा, आणि एकच शेवटपर्यंत पाळा. मराठीसाठी सगळ्यांना मान्य असा एकच नमुना नाही, म्हणून सातत्याला जास्त महत्त्व. आडनाव, नाव, वर्ष, शीर्षक, प्रकाशक, ठिकाण, पान हा क्रम बहुतेक ठिकाणी चालतो. संपादकाला ‘संपा.’, अनुवादकाला ‘अनु.’, पानाला ‘पृ.’. लगेच आधीच्याच ग्रंथाचा पुन्हा उल्लेख असेल तर ‘तत्रैव’, मध्ये दुसरे संदर्भ येऊन गेले असतील तर ‘उनि.’ (उपरिनिर्दिष्ट). संगणकावर परिच्छेद वरखाली हलवले की ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाला चिकटतो, तेव्हा ते अगदी शेवटी घाला.

मराठी आणि इंग्रजी साधनांचे दोन गट करा. मराठी गट अकारविल्हे लावा, इंग्रजी नोंदी रोमन लिपीतच ठेवा. इंग्रजी शीर्षक देवनागरीत लिहिलं की ते पुन्हा शोधता येत नाही. जुन्या नियतकालिकांवर शके असेल तर ७८ मिळवून इसवी सन काढा, पण वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ७९ मिळवावे लागतात. शंका असेल तिथे शकेही लिहा.

एक तांत्रिक त्रास सर्वांना होतो. जुन्या फाँटमधल्या पीडीएफवरून मजकूर उतरवला की अक्षरं विचित्र होतात. तो भाग युनिकोडमध्ये स्वतः टंकित करा आणि मूळ पानाशी ताडून पाहा. जोडाक्षरं आणि आकडे विशेष करून तपासा.

इंग्रजी पुस्तकातला परिच्छेद मी स्वतः मराठीत आणला. तरी संदर्भ हवा?

हवा. भाषा तुमची, विचार त्यांचा. सॉफ्टवेअर हे पकडत नाही म्हणून ती वाङ्मयचौर्याबाहेरची गोष्ट होत नाही. यूजीसीच्या २०१८च्या विनियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्याचा अर्थ १० टक्के उचलायला परवानगी असा अनेक जण लावतात. तो चुकीचा आहे. अनुवाद तुमचा असेल तर अवतरणाखाली ‘अनुवाद प्रस्तुत लेखकाचा’ किंवा ‘लेखिकेचा’ असं लिहा.

मूळ पुस्तक मिळालंच नाही आणि दुसऱ्याच्या पुस्तकात त्यातलं अवतरण वाचलं, तर दोघांचीही नावं द्या : ‘हंटर आयोगापुढील निवेदन, उद्धृत, अमुक, पृ. तमुक’. मूळ वाचल्याचा आव आणू नका. दुसऱ्याच्या पुस्तकात छपाईची चूक असेल तर ती जशीच्या तशी तुमच्याकडे येते आणि जाणकाराला ती तिथेच ओळखू येते.

किती संदर्भ पुरेसे?

संख्या विभागाने दिली असेल तर तेवढे. नसेल तर प्रत्येक ठाम विधानामागे एक, आणि वादाच्या मुद्द्यावर दोन्ही बाजूंचे. न वाचलेली पुस्तकं यादीत घालून ती लांबवू नका. तोंडी परीक्षेत नेमकं त्याच पुस्तकाबद्दल विचारलं जातं.

उद्या निबंध द्यायचा आहे आणि एक दुवा उघडतच नाही. काय करू?

सरकारी संकेतस्थळं बदलतात, तेव्हा जुने दुवे मरतात. ‘इंटरनेट आर्काइव्ह’च्या ‘वेबॅक मशीन’मध्ये जुना पत्ता टाकून पाहा, कित्येकदा पान तिथे जपलेलं असतं. सापडलं तर मूळ पत्ता, जपलेल्या प्रतीचा पत्ता आणि तुम्ही पाहिल्याची तारीख द्या. नाही सापडलं तर अहवालाचं पूर्ण नाव, प्रकाशित करणारं कार्यालय, वर्ष आणि तक्ता क्रमांक लिहा. दुव्याशिवायही तो संदर्भ पूर्ण असतो. तुमच्याकडे पीडीएफ उतरवलेली असेल तर मार्गदर्शकांना निबंधासोबत पाठवा. आणि पुढच्या सत्रापासून प्रत्येक अहवाल उघडल्या उघडल्या उतरवून ठेवा. फाइलला कार्यालय आणि वर्ष यांचं नाव द्या, नाहीतर शंभर फाइलींत ‘रिपोर्ट फायनल’ नेमका कुठला हे तुम्हालाही कळणार नाही.